अवघड वाट कोणत्या महिन्यातली?

राब भाजून झाले असतील, गोवऱ्या-लाकडं आत टाकायची घाई चालली असेल. रोहिणी नक्षत्र दाराशी आलंय. म्हणूनच आज बचतीच्या हिशेबाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं न बोलता वाटेचं बोलायचं ठरवलंय. आपल्या वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट. पाऊस सुरू झाला की हीच वाट आपल्याला चार महिने पुरून उरते.

सुरुवात एका गमतीनं करू. गेल्या वर्षी आषाढातल्या एका रविवारी आमच्या घाटमाथ्यावरच्या देवीच्या देवळापाशी सहा मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. चाकं आपल्या मांडीपर्यंत येतील एवढी, आणि एकीची तर हवा ओढायची नळी पार टपापर्यंत वर काढलेली. शहरातली मुलं होती, चिखलात गाडी घालायची हौस असलेली. देवळाशी आमच्या गटातल्या एक काकू शेंगा उकडून विकतात. त्यांना एकानं विचारलं, "काकू, इथली सगळ्यात अवघड वाट कोणती? आमच्या गाडीचा कस लागेल अशी सांगा."

काकूंनी शेंगा मापता मापता विचारलं, "कोणत्या महिन्यातली सांगू?"

मुलं हसली. काकू पुढे म्हणाल्या, "आणि गाडी रिकामी का भरलेली? आत बसणार कोण?"

तेव्हा आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, काकूंनी विचारलं ते खरं आहे. वाट अवघड आहे का सोपी, हे नुसती वाट बघून सांगता येत नाही. हे आम्हाला समजलं होतं, पण फार महागात पडून. ते पुढे सांगतो. आधी गाडी आणि वाट यांचं जरा समजून घेऊ, कारण आपण रोज त्या गाडीत बसतो पण तिच्याबद्दल काही विचारत नाही.

जीप ही गाडी मुळात लढाईसाठी तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला रस्ता नसेल तिथून जाणारी हलकी गाडी हवी होती. आपल्या देशात पुढे महिंद्रा कंपनीनं मुंबईत तिची जुळणी सुरू केली. या गाडीचं वैशिष्ट्य असं की इंजिनाचं बळ चारही चाकांना देता येतं. बाकीच्या बहुतेक गाड्यांत ते दोनच चाकांना जातं. दोन चाकं ओढतात किंवा ढकलतात आणि उरलेली दोन नुसती मागून पुढून फिरतात.

पण मैत्रिणींनो, दिसायला जीप म्हणजे चारही चाकं चालणारी असं समजू नका. आपल्याकडे वडाप करणाऱ्या बऱ्याच गाड्यांची फक्त मागची दोनच चाकं जोर लावतात. ओळखायचं कसं? चालकदादांना सरळ विचारा. जुन्या चार चाकी जोराच्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. नव्या गाड्यांत त्याच्याजागी कधी गोल बटण असतं. तो दांडा टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात. आणखी पुढे टाकला की 'लो' लागतो. त्यात गाडी अगदी हळू चालते, पण जोर दुप्पट-अडीचपट होतो. जात्यावर जड दळण हळू ओढावं तसं.

मग चारही चाकं ओढतात म्हटल्यावर गाडी कुठेही जाईल का? नाही. इथे एक गोम आहे. वळण घेताना आतलं चाक कमी फिरतं आणि बाहेरचं जास्त. त्यासाठी दोन चाकांच्या मधे दातेरी चाकांची एक पेटी बसवलेली असते. तिला डिफरेन्शियल म्हणतात. तिचा स्वभाव पाटाच्या पाण्यासारखा. पाणी जसं मोकळी वाट मिळेल तिकडे पळतं, तसं इंजिनाचं फिरणं ज्या चाकाला अडवणूक नाही त्या चाकाकडे पळतं. एक चाक खड्ड्यामुळे हवेत उचललं गेलं की तेच गरागरा फिरतं, आणि जमिनीवर टेकलेलं जोडीचं चाक गप्प बसतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोन तिरकी चाकं एकदम उचलली गेली, तर चारही चाकांची जीपसुद्धा जागच्या जागी अडकते. काही गाड्यांत ही पेटी जखडून टाकायची सोय असते, पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ती क्वचितच.

म्हणजे वाट अवघड करणारी पहिली गोष्ट चढ नव्हे. कोरड्या मुरमाचा सरळ चढ कितीही उभा दिसला तरी चाकाला धरायला जागा असेल तर गाडी चढते. अवघड असतं ते चाकाची पकड सुटणं. आपल्याकडची तांबडी चिकण माती वैशाखात दगडासारखी असते. मृगाचे दोन पाऊस पडले की तीच माती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर तव्यासारखा गुळगुळीत होतो. चिखलात आपल्या चपलेचा तळवा कसा होतो, ते आठवा. म्हणून काकूंचा पहिला प्रश्न, कोणत्या महिन्यातली?

दुसरी गोष्ट चाकोरी. ओल्या मातीतून गाड्या गेल्या की चाकोऱ्या पडतात. त्या खोल होत गेल्या की एक दिवस मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. पोट टेकलं की चाकं नुसती लोंबकळतात. मग कितीही रेस द्या, चाक आणखी खोल रुततं. खोल चाकोरीत उतरण्यापेक्षा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेवर ठेवून चालवणं बरं, पण त्यासाठी कड मजबूत हवी.

तिसरी गोष्ट पाणी. ओढ्याचं पाणी गढूळ असेल तर खाली काय आहे दिसत नाही. काल होती ती दगडी फरशी रात्रीच्या पुरानं नेली असेल. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटार उचलली जाऊ शकते, आणि दोन फूट असलं तर बहुतेक गाड्या वाहून जातात. जीप जड आहे म्हणून ती टिकेल हा भ्रम आहे. जिथे आपल्याला काठी टेकत चालत जाता येत नाही, तिथे गाडी घालायची नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात फसवी. तिरकस उतार. म्हणजे वाट पुढे सपाट दिसते, पण एका अंगानं दरीकडे कललेली असते. त्यावर चढ नाही, चिखल नाही, आवाज नाही. म्हणून कुणी घाबरत नाही. पण गाडी उलटते ती जास्त करून अशाच जागी. आणि टपावर पोती लादलेली असली तर विचारूच नका. कमरेवर कळशी घेऊन बांधावरून चालणं वेगळं आणि डोक्यावर तीन हंड्यांची उतरंड घेऊन चालणं वेगळं. भार जितका वर, तितका तोल नाजूक. हा झाला काकूंचा दुसरा प्रश्न, गाडी रिकामी का भरलेली?

आता आमची चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आश्विनात, दिवाळीआधी तालुक्याला विक्री प्रदर्शन होतं. आमच्या गटांनी नाचणीचे पापड, नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ असा माल तयार केला होता. वस्तीपासून सडक सहा किलोमीटर. पाऊस संपला म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला. सकाळी आमच्याच वस्तीतला जीपवाला दादा आला. त्यानं माल बघितला, आम्हा नऊ जणींना बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन फेऱ्या करू. एकीत माल, एकीत तुम्ही."

आम्ही म्हणालो, "दोन फेऱ्यांचं डिझेल कोण देणार? आणि दहा वाजता स्टॉल लावायचाय."

हे बोललो ते आम्ही. समन्वयक म्हणून ज्यांच्या शब्दाला मान आहे, त्या आम्ही. बाकीच्या गप्प बसल्या. दादाही गप्प बसला, कारण त्याचं महिन्याचं भाडं आमच्याकडूनच येतं. पोती टपावर चढली, दोऱ्या आवळल्या.

सगळे चढ पार झाले. ओढाही पार झाला. मग खडकाच्या कोपऱ्याशी, जिथे वाट जेमतेम घराच्या ओट्याएवढी कललेली आहे, तिथे दरीकडच्या बाजूची मऊ झालेली कड खचली. खालची दोन्ही चाकं वीतभर बसली आणि गाडी हळूच कलायला लागली. अगदी सावकाश. डोंगराकडची चाकं उचलली गेली आणि टप एका जांभळीला टेकलं. ती जांभळ नसती तर आज आम्ही हे बोलायला इथे नसतो.

आत आरडाओरडा झाला. एका मैत्रिणीनं घाबरून दरीच्या बाजूनं उडी मारली. मनगट मोडलं. ज्या बाजूला गाडी कलते त्या बाजूनं कधी उतरायचं नसतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दादा ओरडून सांगत होता, "डोंगराकडनं उतरा, एकेक करून उतरा." आम्ही तशा उतरलो. तो शेवटी उतरला.

मनगटाला प्लास्टर बसलं, सहा आठवडे. तेव्हा भात कापणीला आलं होतं. गटानं इर्जिक करून तिचं भात कापून दिलं, झोडून दिलं. पण गावात बोलणं सुरू झालं ते दादावर. "गाडी नीट चालवता येत नाही," "नजर कुठं होती." चार दिवस आम्हीही ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी ग्रामसंघाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की दोन फेऱ्या करू असं तो म्हणाला होता आणि आम्ही नाही म्हणालो. चूक आमची. हे बोलताना पाय लटपटत होते. पण न बोलता पुढच्या महिन्यात त्याच गाडीत त्याच्या मागे बसणं आम्हाला जमलं नसतं.

त्या बैठकीतच ठरलं की वाट चालून बघायची. होळी झाल्यावर आम्ही बाराजणी, दादा आणि दोन जुनी माणसं अशी सहा किलोमीटर वाट पायी चाललो. सोबत वही. कुठे चाक घसरतं, कुठे पाणी साचतं, कुठे कड मऊ आहे, सगळं लिहिलं. अवघड जागा पाच निघाल्या. चालता चालता एक म्हातारे बाबा म्हणाले, "पोरींनो, चढ मोजू नका. गाडी मागं कुठं फिरते ते मोजा."

त्यांचं बोलणं आमच्या मनात बसलं. मोजलं तर सहा किलोमीटरात गाडी वळवायला जागा फक्त तीन ठिकाणी. ओढा ओलांडल्यापासून खडकाच्या कोपऱ्यापर्यंत तर एकही नाही. म्हणजे त्या टप्प्यात एकदा शिरलं की पुढेच जावं लागतं, मग पुढे काही का असेना. त्या सकाळी दादाला मधेच वाटलं असतं की नको, तरी तो काय करणार होता? खरी अवघड वाट तीच, जिच्यात शिरल्यावर 'नको' म्हणता येत नाही. म्हणून 'नको' म्हणायची जागा आत नसते, तोंडाशी असते.

मग आम्ही नियम केले. तुमच्या गटातही लिहून घ्या.

पहिला, पावसात टपावर ओझं नाही. माल खाली, पायाशी. जास्त असेल तर दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीचं डिझेल गटाच्या खर्चात धरायचं.

दुसरा, परत फिरता येणार नाही अशा टप्प्याच्या तोंडाशी गाडी थांबवायची. चालकानं आणि गटातल्या एकीनं उतरून पुढे चालत जाऊन बघायचं. पाच मिनिटं लागतात.

तिसरा, तिरकस जागी सगळ्यांनी उतरून चालायचं. बाळंतीण आणि म्हातारी माणसं असली तर त्यांना हात धरून. गाडी रिकामी पुढे जाईल.

चौथा, उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडायची नाही. डिझेल वाचतं म्हणून कुणी तसं करतात. पण इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. सारखा ब्रेक दाबून तो तापवायचा नाही.

पाचवा, चढावर गाडी बंद पडली तर वळवायला जायचं नाही. वळवताना ती आडवी होते आणि उलटते. ब्रेक धरायचा, चाकामागे दगड लावायचे, मग माणसं उतरवून रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे घ्यायची.

आणि सहावा, ज्याच्यासाठी आम्हाला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. गाडीत बसलेली कुणीही बाई, मग ती सून असो की शाळकरी पोरगी, 'थांबवा, मी उतरते' म्हणाली तर गाडी थांबायची. तिला हसायचं नाही. आणि चालकदादा 'नको' म्हणाला तर त्याचं भाडं कापायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात तो दोनदा 'नको' म्हणाला. दोन्ही वेळा आम्ही चालत गेलो. पाय दुखले, एवढंच.

आता त्या शहरातल्या मुलांकडे येतो. त्या रविवारी ती मुलं शेंगा खाऊन आमच्याच वाटेनं वर गेली. सहा गाड्या, ओली माती, आणि रुतलं की जोरात रेस. संध्याकाळी ती मजेत परत गेली, आणि सोमवारी सकाळी दुधाची जीप त्या गुडघाभर चाकोरीत पोटावर बसली. दोन दिवस दूध खाली गेलं नाही. जमेल तेवढा खवा केला, बाकीचं नासलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. काही जणांचं म्हणणं होतं की दगड लावून वाटच बंद करू. आम्ही म्हटलं, आधी बोलू. त्यांना ती चाकोरी दाखवली. सांगितलं, "तुमच्या हौसेचा आम्हाला राग नाही. पण तुम्ही अडकलात तर तुमच्याकडे ओढायला दोर आहे, यंत्र आहे, मागे पाच गाड्या आहेत. आमच्या मागे कुणी नाही. तुम्ही रविवारी येता, आम्हाला सोमवारीही जायचं असतं." मुलं वाईट नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धा दिवस त्यांनी आमच्याबरोबर दगड वाहून चाकोऱ्या भरल्या. चिखलात टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे त्यांनी आमच्या दादाला दाखवलं. साधारण ३० पौंडाची हवा १८-२० पर्यंत उतरवतात. पण सडकेला लागण्याआधी ती परत भरावी लागते, म्हणजे सोबत पंप हवा. पंप नसेल तर त्या भानगडीत पडायचं नाही.

आता ती मुलं पावसात आली की गाड्या देवळापाशी लावून पायी वर जातात. गटाची पिठलं-भाकरी खातात, पैसे देतात. सगळेच असं ऐकतात असं नाही. पण ग्रामसभेनं देवळाशी फळा लावलाय आणि पावसाळ्यात तिथे आमची एक जण बसलेली असते, शेंगांच्या टोपलीसह.

मैत्रिणींनो, आता तुमच्यासाठी काम. पाऊस सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. एका सकाळी उन्हाच्या आधी गटानं मिळून आपली वाट चाला. चालकदादाला सोबत घ्या. अवघड जागा लिहा, आणि गाडी कुठे कुठे वळते ते नक्की लिहा. कडेची चारी बुजली असेल तर ती आत्ताच मोकळी करा, कारण पाणी वाटेवरून वाहिलं तर वाट टिकत नाही. दगडी भराव, मोरी अशी मोठी कामं ग्रामसभेत रोजगार हमीच्या आराखड्यात मांडा. तोंडी सांगू नका, जागांची यादी देऊन अर्ज करा. १०८ ची गाडी पावसात कुठपर्यंत येऊ शकते ती जागा ठरवा आणि प्रत्येक घरात सांगून ठेवा. वस्तीत कुणाचे दिवस भरत आले असतील तर तिला सडकेजवळच्या नातेवाइकांकडे आधीच नेऊन ठेवा. रात्री ओढ्याला पाणी असताना निघायची वेळ येऊ देऊ नका.

आमच्या त्या मैत्रिणीचं मनगट आता बरं आहे. थंडीत दुखतं, म्हणते. खडकाच्या कोपऱ्याशी गाडी आली की ती सगळ्यात आधी म्हणते, "थांबवा." आम्ही सगळ्या उतरतो. त्या जांभळीपाशी दोन मिनिटं थांबतो, आणि चालायला लागतो.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. तुमच्या वाटेवर अवघड जागा किती निघाल्या, आम्हाला कळवा. नमस्कार.